‘सर्व ओके’ लिहिलेलं लॉगबुक आणि ४६ भंगार जॉब: टीममधल्या संवादाच्या या चुका टाळा

चाकणच्या एका सीएनसी शॉपमध्ये, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर धातूचे भाग (जॉब) कापणाऱ्या कारखान्यात, मी सुपरवायझर होतो. दुसऱ्या पाळीत इन्सर्ट (कापणारं पातं) झिजला, बोअर (जॉबमधलं भोक) छोटा यायला लागला, म्हणून ऑपरेटरने मशीनला ३० मायक्रॉनचा ऑफसेट दिला, म्हणजे झिजेइतकी भरपाई. योग्यच केलं. रात्री अकराला पाळी बदलली. तिसऱ्या पाळीच्या पोराने झिजलेला इन्सर्ट पाहिला आणि नवा लावला. त्यानेही योग्यच केलं. पण ऑफसेट तसाच राहिला, आणि बोअर मोठा यायला लागला. बोअर छोटा आला तर पुन्हा मारता येतो, मोठा आला की भंगार. पाळी बदलल्यावर पहिला जॉब तपासायची पद्धत आमच्याकडे कागदावर होती, हाताला तिची सवय नव्हती. गेज (माप तपासायचं साधन) लावेपर्यंत ४६ जॉब लाल बिनमध्ये टाकायच्या लायकीचे झाले होते.

सकाळी लॉगबुक उघडलं. दुसऱ्या पाळीची नोंद होती: ‘सर्व ओके.’

दोघेही चांगले कारागीर होते आणि दोघांचं भांडणही नव्हतं. एकाच डब्यातून जेवायचे. म्हणूनच ‘टीममध्ये संवाद वाढवा’ असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. गप्पा पुष्कळ चालू असतात. निरोप पोहोचला की नाही हे कुणी बघत नाही, आणि खालून वर गेलेल्या बोलण्याला उत्तर येत नाही. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक चुका या दोन जागी सापडतात.

चार्ज देणं म्हणजे सही करणं

पाळीचा चार्ज देताना मशीन चालू आहे का, हे सांगायची गरज नसते, ते दिसतंच. सांगायचं असतं ते न दिसणारं: मी काय बदललं (ऑफसेट, इन्सर्ट, प्रोग्रॅम, कूलंट), काय अर्धवट सोडलं, तात्पुरती कुठली जुगाड केलीय आणि मला कशाची शंका येतेय. शेवटचा मुद्दा सगळ्यात मोलाचा, आणि तोच लिहायला लोक लाजतात. ‘स्पिंडलचा आवाज जरा वेगळा वाटतोय’ एवढं वाक्य लॉगबुकात असतं, तर मेंटेनन्सवाल्यांच्या कितीतरी रात्री वाचल्या असत्या.

निरोप हरवल्यावर काय होतं याचं सगळ्यात भीषण उदाहरण उत्तर समुद्रातलं आहे. ६ जुलै १९८८ रोजी पायपर अल्फा या तेल-वायूच्या फलाटावर दिवसपाळीत एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढला होता आणि उघड्या तोंडावर नुसती चकती बसवली होती. काम संध्याकाळपर्यंत पुरं झालं नाही. ते रात्रपाळीला नीट कळलं नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला, तेव्हा त्यांनी हाच पंप चालू केला. वायू गळला, स्फोट झाले, १६७ माणसं गेली. व्हॉल्व्ह काढल्याचा परवाना कागदावर होता. पंप चालू करणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता.

दुरुस्ती सोपी वाटते: दोन्ही ऑपरेटर दहा मिनिटं मशीनपाशी समोरासमोर उभे राहिले पाहिजेत. आम्ही तसा नियम काढला, भिंतीवर चिकटवला. आठवडाभर टिकला. का ते शेवटी सांगतो.

‘समजलं का?’ असं विचारणं

या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर आहे: ‘हो साहेब.’ न समजलेला माणूसही हेच म्हणतो, किंबहुना तोच जास्त जोरात म्हणतो. आता शॉपमध्ये बीडचा ऑपरेटर, बिहारचा हेल्पर, ओडिशाचा वेल्डर आणि मराठी-हिंदी-इंग्रजीची खिचडी बोलणारा सुपरवायझर असतो. ‘जरा टाइट कर’ यातला ‘जरा’ प्रत्येकाच्या मनगटात वेगळा असतो. तिथे आकडाच सांगावा: टॉर्क रेंच ४० वर लाव, क्लिक आला की थांब.

आणि मग त्याच्याकडून परत वदवून घ्यावं. पण परीक्षा घेतल्यासारखं नको. ‘मी नीट सांगितलं का बघू, आता काय करणार ते तू सांग’ असं म्हटलं की चूक झालीच तर तिचं ओझं आपल्या अंगावर येतं आणि समोरचा मोकळा होतो.

विमानवाहतुकीने हे फार मोठी किंमत देऊन शिकून घेतलं. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ जण मेले. ज्या विमानाने उड्डाण सुरू केलं, त्याच्या फ्लाइट इंजिनिअरने ‘समोरचं विमान अजून बाजूला झालं नसेल का?’ अशा अर्थाची शंका काढली होती. अनुभवी कॅप्टनने ती उडवून लावली आणि इंजिनिअर गप्प बसला. पुढे रेडिओवरच्या ठरावीक शब्दांचे नियम कडक झाले आणि कनिष्ठाने शंका लावून धरायची कशी, याचं प्रशिक्षण वैमानिकांना मिळू लागलं. आपल्या शॉपमध्ये हेल्परने शंका लावून धरली तर आपण काय करतो?

वाईट बातमी आणणाऱ्यावर ओरडणं

ही चूक मी स्वतः केली आहे. डिस्पॅचच्या दिवशी एका हेल्परने ‘दादा, कास्टिंगमध्ये बारीक छिद्रं दिसतायत’ म्हणून लॉट अडवला. गाडी गेटवर उभी होती. मी सगळ्यांसमोर त्याला झापलं. नंतर बघितलं तर पोरगा बरोबर होता. मी एकट्यात माफी मागितली, पण झापलं होतं चारचौघांत.

त्यानंतर जवळजवळ तीन महिने माझ्या लाइनवरून एकही तक्रार आली नाही, आणि मी खूश होतो! रिजेक्शनचे आकडे सुंदर दिसत होते. मग ग्राहकाकडून माल परत आला. तक्रारी एकदम थांबल्या तर ते आजाराचं लक्षण समजा.

टोयोटाच्या कारखान्यात लाइनवर एक दोरी असते (आता अनेक ठिकाणी तिच्या जागी बटण आलंय), अँडॉन दोरी म्हणतात; अँडॉन म्हणजे तिच्याने लागणारा इशाऱ्याचा दिवा. कामगाराला काही खटकलं की तो ती ओढतो, टीम लीडर धावत येतो आणि ठरलेल्या टप्प्यापर्यंत प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते. आपल्याकडच्या अनेक कंपन्यांनी ती दोरी आणि दिवे बसवले. दोरी ओढल्यावर पहिलं वाक्य काय ऐकू येतं, यावर तिचं पुढचं आयुष्य ठरतं. ‘काय झालं, दाखव’ म्हटलं तर ती पुन्हा ओढली जाईल. ‘आता काय केलंस?’ म्हटलं तर तिच्यावर धूळ बसेल.

सगळं व्हॉट्सॲपवर टाकून मोकळं होणं

ग्रुपवर शुभ सकाळ, वाढदिवसाचा केक, उद्याचं टार्गेट आणि बदललेल्या ड्रॉइंगचा फोटो एकाच रांगेत येतात. शॉपमध्ये फोन वापरायला बंदी, आणि सूचना मात्र फोनवर! ग्रुपमध्ये दोन निळ्या खुणा सगळ्यांनी वाचल्यावरच येतात. पण वाचलं म्हणजे कळलं, असं ती खूणही म्हणत नाही. बदललेलं ड्रॉइंग मशीनवर लावा आणि जुनं स्वतःच्या हाताने काढून फाडा. खराब जॉबचा फोटो माणसाच्या नावासकट ग्रुपवर टाकणं तर आजच बंद करा.

सूचना पेटी लावून विसरणं

आमची पेटी वर्षाने उघडली तेव्हा तीन चिठ्ठ्या आणि चहाचे दोन कप निघाले. तिन्ही चिठ्ठ्यांत एकच मागणी होती: हीट ट्रीटमेंटच्या बाजूला पंखा. लोकांना ‘नाही’ चालतं, पण गप्प राहिलेलं चालत नाही. पेटीऐवजी फळा लावला: सूचना, कोण बघतोय, काय ठरलं. ‘नाही, कारण…’ हेही फळ्यावरच लिहायचं. पंखा नऊ दिवसांत आला. त्यानंतरच्या सूचना कामाच्या होत्या. फिक्स्चरची (जॉब पकडून ठेवायच्या साधनाची) एक कल्पना तर आम्हाला कुणालाच सुचली नसती.

सकाळच्या मीटिंगबद्दल थोडंच सांगतो. उभ्याने घ्या, सात-आठ मिनिटांत संपवा, आणि टार्गेट वाचून दाखवू नका. ते फळ्यावर असतंच. ‘काल काय अडलं?’ विचारा आणि गप्प राहा. पहिले काही दिवस सगळे बुटांकडे बघतील. तरी गप्प राहा.

आता तो दहा मिनिटांचा नियम. आम्ही लोकांना बेशिस्त ठरवून मेमो द्यायला निघालो होतो. मग एका जुन्या ऑपरेटरने सांगितलं, ‘साहेब, बस तीन दहाला सुटते.’ पहिली पाळी तीनला संपायची. हात धुवून, कपडे बदलून गेटवर पोहोचायला पाव तास लागतो, म्हणून माणसं पावणेतीनलाच मशीन सोडायची आणि समोरचा आत यायचा तेव्हा मशीनपाशी कुणी नसायचं. बस चुकली तर राजगुरुनगरपर्यंत शेअर रिक्षा, तीही मिळाली तर. बसची वेळ तीन पंचवीस करायला आम्हाला चार महिने लागले, कारण ट्रान्सपोर्टरची पुढची फेरी दुसऱ्या कंपनीची होती. ती जादा दहा मिनिटं पगारात धरायला आणखी दोन. मग लॉगबुकात हळूहळू वेगळी वाक्यं दिसायला लागली. पहिलं मला अजून आठवतं, जॉब धरून ठेवणाऱ्या चकबद्दल: ‘चार नंबरचा चक कधी कधी घसरतो वाटतं, लक्ष ठेव.’