पहिली शिडाची बोट घेताय? या चुका टाळा

जूनमधला शनिवार होता. अमेरिकेत मेरीलँडमधल्या सँडी पॉइंट स्टेट पार्कच्या पार्किंगमध्ये सासूबाई कूलरवर बसल्या होत्या, मुलांनी बोटीवर खायच्या तिखटमिठाच्या पुऱ्या डांबरावर उभ्या उभ्याच संपवल्या होत्या, आणि मी व नवरा २५ फुटी डोलकाठी हवेत धरून एकमेकांवर ओरडत होतो. आठला घर सोडलं होतं. साडेअकरा वाजले तरी बोट ट्रेलरवरच. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "अगं, बांधण्यासोडण्यातच दिवस चाललाय, जायचं कधी?"

बोट घेताना त्यांना सोबत न्यायला हवं होतं.

पहिली बोट घेणारा प्रत्येक जण विचारतो, ट्रेलरवरची घेऊ की मरिनात (बोटींच्या तळावर) स्लिप, म्हणजे पाण्यातली भाड्याची जागा, घेऊन ठेवू? आम्हीही तेच विचारलं, आणि "ट्रेलर स्वस्त" या उत्तरावर खूश झालो. त्याआधी वेगळंच गणित मांडायला हवं होतं: घराच्या दाराला कुलूप लावल्यापासून शीड वर चढेपर्यंत किती वेळ जातो? आमचा जायचा साडेतीन तास, परतताना पुन्हा अडीच. त्या पहिल्या उन्हाळ्यात आम्ही जेमतेम पाच वेळा पाण्यावर गेलो. दुसऱ्या वर्षी तीच बोट स्लिपमध्ये ठेवली आणि तेवीस वेळा गेलो. बोट तीच, माणसं तीच.

"वीस मिनिटांत तयार"

जाहिरातीत असं लिहिलेलं असतं. ती वीस मिनिटं सराव असलेल्या दोन माणसांची, वारा नसताना, सोबत मुलं नसताना. खरी सकाळ अशी: ट्रेलरचे पट्टे सोडा, डोलकाठी मागे सरकवून तिच्या बुडाशी खीळ घाला, तारांचा गुंता सोडवा, एकाने मागून उचलायची, दुसऱ्याने पुढून दोरी ओढायची, पुढची तार अडकवायची, बूम (शिडाच्या खालची आडवी काठी) लावायचा, शिडं चढवायची, सुकाणू बसवायचं, आउटबोर्ड (मागे टांगलेलं इंजिन) खाली करायचं. मग रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उतारावर, रांग. मग बोट पाण्यात, गाडी पार्किंगला, आणि तोवर बोट धरून धक्क्यावर कोण उभं राहणार यावरून वाद.

इथे एक खास चूक होते, आम्हीही केली. डोलकाठी वर जाताना बाजूच्या तारांचे टर्नबकल (ताण कमी-जास्त करायचे आट्यांचे जोड) डेकवर आडवे पडतात. एखादा उलटा अडकला, तर डोलकाठीच्या वजनाने त्याचा आट्यांचा दांडा वाकतो. वाकलेला टर्नबकल हाताने सरळ करून पुन्हा लावायचा नाही, तो फेकायचा. काठी अर्धी वर आली की थांबून दोन्ही बाजूंचे टर्नबकल नजरेने तपासायचे, हे आता आमच्याकडे धाकट्याचं काम आहे. आणि काठी उचलण्याआधी मान वर करून विजेच्या तारा बघा. रॅम्पजवळच्या तारांना ॲल्युमिनियमची डोलकाठी लागून माणसं मेलेली आहेत.

दुसरी चूक गाडीची. इथल्या आपल्या लोकांकडे बहुधा होंडाची ओडिसी नाहीतर टोयोटाची सिएना असते. दोन्हींची ओढण्याची मर्यादा जास्तीत जास्त ३५०० पौंड. कॅटालिना २२ ही पहिली बोट म्हणून बरेच जण बघतात. १९७० च्या सुमारास आलेली, पंधरा हजारांहून जास्त बनलेली, त्यामुळे सुटे भाग आणि सल्ला दोन्ही मुबलक. तिचं कोरं वजन २२५० पौंडांच्या आसपास. ऐकायला ठीक वाटतं. त्यात ट्रेलर, आउटबोर्ड, पेट्रोल, नांगर, बॅटरी, पाणी, कूलर धरा. आकडा ३५०० च्या पुढे जातो. बोटीचं वजन विचारू नका, रॅम्पवर यायला तयार असलेल्या सगळ्या लवाजम्याचं वजन विचारा. शक्य असेल तर ट्रक तोलायच्या काट्यावर नेऊन बघा.

ट्रेलरचे टायरही बघा. नक्षी नवीकोरी दिसते, कारण ट्रेलर दहा वर्षं अंगणात उभा असतो. टायरच्या कडेवर डीओटी अक्षरांनंतर जे आकडे असतात, त्यातले शेवटचे चार म्हणजे आठवडा आणि वर्ष. ३२१४ म्हणजे २०१४ चा बत्तिसावा आठवडा. असे टायर घेऊन हायवेवर जाऊ नका. खाऱ्या पाण्यात बुडणाऱ्या चाकांचे बेअरिंग आणि ब्रेक हाही खर्च विकणारा सांगत नाही.

कील: वर-खाली होणारी की पक्की?

बोटीच्या पोटाखालचं जड पातं म्हणजे कील; तीच बोटीला उलटण्यापासून वाचवते आणि वाऱ्याने आडवं वाहून जाऊ देत नाही. कॅटालिना २२ ची स्विंग कील वर घेतली की बोटीला पावणेदोन फूट पाणी पुरतं, खाली सोडली की पाच फूट लागतं. पक्क्या कीलची हीच बोट साडेतीन फूट पाणी मागते. म्हणजे ट्रेलरवरून उतरवायची तर ट्रेलर इतका खोल न्यावा लागतो की गाडीची मागची चाकं पाण्यात. काही जण ट्रेलरला लांब दांडा जोडतात, काही जण मरिनाच्या क्रेनने उतरवतात. "ट्रेलर सोबत मिळतोय" एवढ्यावर पक्क्या कीलची बोट घेऊन दर शनिवारी रॅम्पवर जायची स्वप्नं पाहू नका.

स्विंग कीलची वेगळी कटकट. ती लोखंडी, साडेपाचशे पौंडांची, एका खिळीवर झुलते आणि पोलादी दोरावर लटकते. खीळ झिजली की बोट नांगरावर असताना रात्रभर ठक ठक ऐकू येतं. घेण्याआधी ट्रेलरखाली आडवे पडा आणि कीलचं टोक धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. थोडी हलेल, ते चालतं. घंटेसारखी वाजली तर खीळ बदलायचा खर्च किमतीतून कापा. दोराचे धागे सुटलेले दिसले तर बोट पाण्यात टाकण्याआधी दोर बदला.

स्लिप: भाडं ही फक्त सुरुवात

स्लिपचं भाडं बहुतेक ठिकाणी फुटावर असतं. पण पाण्यात कायम राहणाऱ्या बोटीच्या तळाला शेवाळ आणि बार्नॅकल (कवचवाले चिकट जीव) धरतात, म्हणून तळाला खास रंग द्यावा लागतो. तो दर वर्ष-दोन वर्षांनी. शिवाय हिवाळ्यात बाहेर काढणं, आधारावर उभी करणं, वसंतात परत सोडणं, मरिना मागते तो विमा. जुन्या बोटीचा विमा काढताना कंपनी सर्व्हे, म्हणजे तज्ज्ञाकडून बोटीची तपासणी, मागू शकते, तोही खर्च धरा.

खोलीचं मात्र नीट विचारा. चेसापीक उपसागर दिसायला अथांग, पण त्याची सरासरी खोली जेमतेम २१ फूट, आणि स्वस्त स्लिपा ज्या खाड्यांच्या टोकाला असतात तिथे ओहोटीला चार फूटसुद्धा नसतं. त्याच्या काठावरच्या ॲनापोलिसला भरती-ओहोटीचा फरक फुटाच्या आसपास, म्हणून लोक गाफील राहतात. इथे पाणी चंद्रापेक्षा वारा जास्त हलवतो. शरदात वायव्येचा वारा दोन दिवस लागला की तो खाडीतलं पाणी बाहेर ढकलतो. आमच्या शेजारच्या स्लिपमधली चार फूट कीलची बोट अशाच एका सकाळी चिखलात रुतून उभी होती, दोऱ्या सैल, मालक हातात कॉफी घेऊन बघत बसलेला. चिखल मऊ असतो, बोटीचं काही बिघडत नाही. फक्त त्या दिवशी जाता येत नाही, आणि आधीच हिवाळ्यापूर्वीचे शेवटचे चार चांगले दिवस उरलेले असतात.

मधला मार्गही आहे, तो विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. काही मरिना ट्रेलरवरची बोट डोलकाठी उभी ठेवूनच आवारात ठेवू देतात. रॅम्प तिथेच. तळाला रंग नको, तारा बांधणं-सोडणं नको. आणि ट्रेलर असलेली छोटी बोट उन्हाळाभर स्लिपमध्ये ठेवून हिवाळ्यात घरी आणणं, हा आमचा सध्याचा बेत. घरमालकांच्या संघटनेला अंगणात बोट चालते का, हे मात्र आधी वाचून घ्या.

मोठी बोट म्हणजे सुरक्षित, हा गैरसमज

ऑक्टोबरमध्ये ॲनापोलिसला शिडाच्या बोटींचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथे ३५ फुटी बोटीच्या केबिनमध्ये उभं राहिलं की कुठल्याही माणसाला वाटतं, आपल्या कुटुंबाला एवढी तर हवीच. तिथे आत फ्रिज बघू नका. बाहेर या आणि विचारा: वारा वाढला, एक मूल रडतंय, नवऱ्याला मळमळतंय, तर मी एकटी ही शिडं उतरवू शकेन का? २२ ते २५ फुटांत हो. तीस फुटांपुढे प्रत्येक दोरीवरचा ताण, प्रत्येक शीड, प्रत्येक बिल वाढत जातं, आणि धक्क्याला लावताना झालेली चूक पायाने ढकलून सुधारता येत नाही. (छोट्या बोटीवरही पायाने ढकलू नका. पण सगळे ढकलतात.)

आपली खास अडचण पाहुणे. छोट्या मोटारबोटीवर किती माणसं याची पाटी असते, शिडाच्या बोटीला अमेरिकेत ती सक्तीची नाही. मग मराठी मंडळातल्या दोन कुटुंबांना बोलावणं होतं, ती तिसऱ्याला सांगतात. २२ फुटी बोटीच्या कॉकपिटमध्ये (मागच्या बसायच्या उघड्या जागेत) चार माणसं ऐसपैस, पाच दाटीने. नऊ जण बसले की सुकाणूचा दांडा कुणाच्या तरी पोटात जातो. पोहे-बटाटेवडे धक्क्यावर, फेऱ्या चार-चारच्या.

फुकटची बोट

"फक्त घेऊन जा" अशा जाहिराती भरपूर दिसतात. अशी बोट सगळ्यात महाग पडते. फायबरग्लासच्या डेकच्या दोन थरांमध्ये बाल्सा किंवा प्लायवूड असतं. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी शिरलं की ते आतून कुजतं, वरून काही दिसत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने डेकवर ठोकत चला. टक टक असा करकरीत आवाज चांगला. अचानक थप थप असा बोदा आवाज आला की खडूने खूण करा. डोलकाठीच्या बुडाशी आणि बाजूच्या तारा जिथे डेकमध्ये घुसतात तिथे खास. खुणा जोडून हातभर पट्टा तयार झाला तर घरी या. मी असं ठोकत असताना एका विक्रेत्याने रेडिओ मोठा केला होता.

पाच-सात हजार डॉलरच्या पुढची बोट असेल तर सर्व्हेअर लावा. ते बोटीच्या लांबीवर, फुटाच्या हिशोबाने पैसे घेतात. कागदपत्रं दोन वेगळी असतात, बोटीची आणि ट्रेलरची. मेरीलँडमध्ये पहिली नैसर्गिक संसाधन खात्याकडे, दुसरी मोटार खात्याकडे. ट्रेलरचे कागद हरवलेत असं ऐकलंत तर ते सापडेपर्यंत पैसे देऊ नका. बोटीच्या मागच्या बाजूला उजवीकडे वर बारा अक्षरांचा क्रमांक कोरलेला असतो, तो कागदाशी अक्षरन् अक्षर जुळवा.

पहिल्याच दिवशी घरच्यांना घाबरवू नका

शिडाची बोट कलते. तुम्हाला ते माहीत असतं, सोबतच्यांना नसतं. पहिल्या फेरीला बारा नॉट्सच्या आतला वारा निवडा, मोठं शीड आधीच आखडून रीफ करा, आणि निघण्याआधी सांगा की बोट एवढी कलेल आणि तिथेच थांबेल. माझ्या मोठीने पहिल्या दिवशी किंचाळून केबिनमध्ये जे दार लावलं ते ऑगस्टपर्यंत उघडलं नाही, कारण मी फुशारकीने पूर्ण शीड लावलं होतं. चालत्या बोटीवर तेरा वर्षांखालच्या मुलांनी उघड्यावर असताना लाइफजॅकेट घातलेलंच हवं, हा मेरीलँडचा नियम २१ फुटांखालच्या बोटींसाठी आहे; त्याहून मोठ्या बोटीवरही तो पाळा. पण ते त्यांच्या मापाचं घ्या, खांदे धरून उचललं तर कानापर्यंत सरकणारं नको. आणि पोर्टेबल टॉयलेट घ्याच. ते नाही म्हणून दोन तासांत परत फिरलेली कुटुंबं मी मोजू शकत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये चेसापीकवर वारा बऱ्याचदा पडलेला असतो, जेलीफिश येतात, आणि चारच्या सुमारास पश्चिमेला काळे ढग चढतात. सकाळी लवकर निघा, जेवायला घरी या.

नेहमीच्या तक्रारी

आउटबोर्ड सुरू होत नाही: आधी लाल दोरीची सुरक्षा क्लिप जागेवर आहे का, मग टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का, मग नळीवरचा रबरी फुगा घट्ट होईतो दाबलाय का, गिअर न्यूट्रलला आहे का. निम्म्या वेळा इथेच सापडतं. उरलेल्या निम्म्या वेळा गेल्या वर्षीचं इथेनॉलमिश्रित पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये चिकट होऊन बसलेलं असतं. हंगामाच्या शेवटी नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. लाटेत पंखा पाण्याबाहेर येऊन इंजिन बोंबलत असेल तर ते आखूड दांड्याचं आहे. शिडाच्या बोटीला निदान वीस इंची दांडा हवा.

सुकाणू हाताला जड लागतंय, बोट सारखी वाऱ्याकडे तोंड फिरवतेय: बहुतेक वेळा वर उचलता येणारं सुकाणूचं पातं पूर्ण खाली गेलेलं नसतं. ते खाली करून बांधा. तरी जड असेल तर शीड जास्त झालंय, आखडा.

चालताना तळातून गुणगुणल्यासारखा आवाज: स्विंग कीलचा दोर पाण्यात थरथरतोय. बिघाड नाही. आमची मुलं त्याच्यावर सूर लावतात.

केबिनच्या तळाशी पाणी: त्यात हाताचं बोट बुडवून जिभेला लावा. गोडं लागलं तर पाऊस, म्हणजे खिडकी नाहीतर डेकवरचा स्क्रू. खारट लागलं तर त्याच दिवशी कारण शोधा.

घ्यायची ती नोव्हेंबरमध्ये घ्या. एप्रिलमध्ये विकणाऱ्यासमोर अख्खा उन्हाळा असतो, नोव्हेंबरमध्ये हिवाळ्याच्या जागेचं बिल. आमच्या बोटीची किंमत थँक्सगिव्हिंगच्या आदल्या शनिवारी आठशे डॉलरने उतरली, आणि ट्रेलरला दोन नवे टायरही त्यांनीच घातले.