प्रतिफळाचा शास्त्राभ्यास : गावात पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

गावातल्या ख्रिस्ती मंडळीत शास्त्राभ्यास, म्हणजे बायबलचा अभ्यास, घ्यायचं काम नव्यानं ज्याच्या अंगावर येतं, तो बहुतेक वेळा 'स्वर्गातलं प्रतिफळ' हाच विषय उचलतो. विषय गोड, वचनं तोंडपाठ आणि समोर बसलेले बहुतेक रोजानं जाणारे. कष्टाचं मोल कुठंतरी लिहून ठेवलं जातंय, हे ऐकायला कोणाला नको असतं? पण दुसऱ्याच बैठकीत प्रश्न येतो : तारण (पापातून सुटका) फुकट म्हणता, मग हे बक्षीस कशाचं? त्याची तयारी नसली की पुढचे आठवडे सावरासावर करण्यात जातात.

म्हणून आधी वही. एक दोनशे पानी वही घ्या आणि पान आडवं धरून चार रकाने आखा : कोण कोणाला बोलतो, कशाबद्दल मिळणार, काय आणि कधी मिळणार, आणि सगळ्यांना सारखं की कमीजास्त. चौथा रकाना नवखे गाळतात आणि खरा अभ्यास तिथंच होतो. मोबाईलवर बायबल असेल तर नुसतं 'प्रतिफळ' शोधून भागत नाही. वेतन, मजुरी, मुगूट, बक्षीस, वतन, धन असं एकेक शोधा, नाहीतर निम्मे उतारे हाती लागणार नाहीत. वचन सापडलं की त्याच्या आधीचा आणि नंतरचा परिच्छेद वाचूनच रकाने भरायचे. सुटं वचन वहीत घ्यायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा.

वेळ कधीची धरावी? मृग लागल्यापासून पेरणी, डवरणी, निंदण यात कोणी मोकळं नसतं आणि दिवाळीपासून कापूस वेचणी चालते. कोरडवाहू गावात फेब्रुवारी-मार्चला संध्याकाळी माणसं बसू शकतात, आणि ईस्टरच्या आधीचा उपासकाळही तेव्हाच येतो. राखेच्या बुधवारी, म्हणजे उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, कॅथलिक मंडळीत वाचला जाणारा मत्तय ६ चा (मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायाचा) उतारा ह्याच विषयावरचा आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच करा. सहा आठवडे पुरतात. एका बैठकीला एकच उतारा, तास-सव्वा तास, त्याहून जास्त नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी उतारा सावकाश दोनदा वाचायचा आणि दुसऱ्या वाचनानंतर त्यांच्यातल्याच एकाला तो आपल्या शब्दांत सांगायला लावायचा. तो काय गाळतो त्यावरून तुम्हाला कळतं, पुढं कुठं थांबायचं.

मत्तय ६ मध्ये दान, प्रार्थना आणि उपास ही तीन उदाहरणं एकाच साच्यात येतात. माणसांनी पाहावं म्हणून केलं, तर 'ते आपलं प्रतिफळ भरून पावले आहेत' अशा अर्थाचं वाक्य तीनदा (वचनं २, ५, १६). गुप्तपणे केलं, तर गुप्तात पाहणारा पिता देईल, हेही तीनदा (४, ६, १८). ही सहा वचनं लोकांनाच शोधू द्या, तुम्ही सांगू नका. मग साहजिकच कोणीतरी विचारतं की उपकारस्तुतीच्या सणाला धान्याचा लिलाव होतो, तेव्हा माईकवर नावं कशाला घेतात. प्रश्न रास्त आहे. पण त्या बैठकीत कोणा एका देणगीदाराकडे नजर वळू देऊ नका, नाहीतर अभ्यास तिथंच संपतो आणि गावकी सुरू होते.

दुसऱ्या आठवड्याला इफिस २:८-१० घ्या. तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नाही. आणि लगेच पुढं, आपण सत्कृत्यांसाठी निर्माण झालो आहोत. बरेच जण नवव्या वचनावरच थांबतात. दहावं वचन वाचल्याशिवाय बैठक उठवू नका. सोबत रोमकरांस ४:४ वाचलं की फरक उभा राहतो : काम करणाऱ्याचं वेतन हे कृपा नसून देणं असतं. तारण असं देणं नाही, हे एकदा पक्कं झालं की प्रतिफळाचे उतारे वाचायला धोका राहत नाही. क्रम उलटा झाला तर लोक पुण्याचा हिशेब मांडायला लागतात आणि तो पुसून काढायला वर्ष जातं.

आता मत्तय २०, द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला, म्हणजे येशूनं सांगितलेली बोधकथा. ह्या उताऱ्यावर दोन बैठका द्या. छापील बायबलात विसावा अध्याय इथं नव्यानं सुरू होतो आणि घात तिथंच होतो. ही अध्यायांची विभागणी मूळ लिखाणात नव्हती, ती तेराव्या शतकात आली, आणि वचनांचे आकडे नव्या कराराला १५५१ मध्ये पडले. दाखल्याची सुरुवात खरी १९:२७ ला आहे. तिथं येशूचा शिष्य पेत्र विचारतो की आम्ही सगळं सोडून तुमच्या मागं आलो, तर आम्हाला काय मिळणार? येशू त्याला झिडकारत नाही. बारा राजासनांचं आणि शंभरपटीचं वचन देतो, मग 'पहिले ते शेवटले' म्हणतो आणि लगेच हा दाखला सांगतो. २०:१६ ला तेच वाक्य उलट्या क्रमानं परत येतं. पेत्राचा प्रश्न वाचायचा राहिला की दाखला नुसता मालकाच्या लहरीचा वाटतो.

मालक मजूर लावायला पहाटे निघतो, मग आपल्या घड्याळानं सुमारे ९, १२, ३ आणि ५ ला, आणि संध्याकाळी सगळ्यांना एकेकच दीनार देतो. ठरलेला दीनार म्हणजे त्या काळच्या मजुराचा एका दिवसाचा रोज. संध्याकाळी पैसे चुकते करणं हेही नियमशास्त्रातलं आहे, मजुराचा रोज सूर्य मावळायच्या आत द्यावा असं जुन्या करारातल्या 'अनुवाद' ह्या पुस्तकात २४:१५ ला सांगितलंय. विदर्भात हा दाखला समजावताना कापूस वेचणीचं उदाहरण घेऊ नका. वेचणी किलोवर असते, तिथं उशिरा आलेल्याला कमीच मिळणार हे सगळ्यांना मान्य असतं आणि गोष्ट लंगडी पडते. निंदणाचा रोज घ्या. मग बायका लगेच बोलतात, "दिवसभर वाकलो आमी, अन् घंटाभर आली तिलेबी तेवढाच रोज? हा कोणता न्याय?" ह्या वाक्यापर्यंत बैठक पोचली तर पुष्कळ झालं. उत्तर द्यायची घाई करू नका. मालकानं शेवटच्यांना आधी पैसे दिले, हे त्यांच्या नजरेस आणा. आधी पहाटेच्यांना दिले असते तर ते खुशीत घरी गेले असते. तक्रार कमी मिळाल्याची नाही, दुसऱ्याला तेवढंच मिळाल्याची आहे. आणि पाच वाजेपर्यंत ठिय्यावर उभे राहिलेले आळशी नव्हते, 'आम्हाला कोणी कामावर लावलं नाही' हे ते स्वतःच सांगतात.

त्याच्या पुढच्या बैठकीत मत्तय २५ मधले तालंत आणि लूक १९ मधल्या मोहरा शेजारीशेजारी ठेवा. खूप जण ह्या दोन गोष्टींची खिचडी करतात. मत्तयात मालकानं दासांना पाच, दोन आणि एक तालंत असं ज्याच्यात्याच्या ऐपतीप्रमाणं दिलंय, आणि पाचवाल्याला (वचन २१) व दोनवाल्याला (वचन २३) मिळालेली शाबासकी जवळजवळ शब्दाला शब्द सारखी आहे. लूकमध्ये दहा दासांना प्रत्येकी एकच मोहर, पण दहा कमावणाऱ्याला दहा नगरं आणि पाच कमावणाऱ्याला पाच. म्हणजे चौथ्या रकान्यात एका ठिकाणी 'सारखं', एका ठिकाणी 'कमीजास्त' आणि द्राक्षमळ्यात 'काम वेगळं, रोज एकच'. ह्यातला एकच दाखला धरून सिद्धांत बांधू नये. रक्कमही सांगा : एक तालंत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार, मजुराची वीसेक वर्षांची कमाई. एकच मिळालेल्यालाही किरकोळ काही मिळालं नव्हतं.

१ करिंथ ३:१०-१५ हा अग्नीचा उतारा. सोनं, रुपं, मोलाची रत्नं, लाकूड, गवत, पेंढा. इथं पहिला रकाना जपून भरा. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल स्वतःबद्दल आणि त्याच्या जोडीचा उपदेशक अपुल्लोस ह्याच्याबद्दल बोलतोय, लावणारा आणि पाणी घालणारा, म्हणजे मंडळी बांधणाऱ्यांबद्दल. सरसकट प्रत्येकाच्या खाजगी पापांचा हिशेब ह्यात घुसडला की उतारा भीतीचा होतो. काम जळालं तर नुकसान होईल, पण माणूस स्वतः तारला जाईल, हे पंधरावं वचन स्पष्ट म्हणतं. नातलगांत कॅथलिक असतील तर शुद्धिस्थानाचा (मेल्यावर, स्वर्गाआधी आत्मा शुद्ध होतो त्या अवस्थेचा) विषय निघेलच. कॅथलिक परंपरा ह्या वचनाचा आधार तिथं घेते, प्रोटेस्टंट घेत नाहीत, एवढं सरळ सांगून पुढं जावं. त्यावर भांडण्यापेक्षा दोघांना जोडणारा दुवा सांगा : देव माणसाच्या कृत्यांना मुगूट घालतो तेव्हा तो स्वतःच्याच देणग्यांना मुगूट घालतो, हा प्राचीन मंडळीतला शिक्षक ऑगस्टीन ह्याचा विचार दोन्हीकडं मानला जातो.

मुगुटांचा तक्ता बऱ्याच शिबिरांत भिंतीवर लावलेला दिसतो : पाच मुगूट, पाच रंग. तक्ता सोयीचा आहे, पण अशी यादी बायबल कुठं एका जागी देत नाही. अविनाशी मुगूट १ करिंथ ९ मध्ये, नीतिमत्त्वाचा २ तीमथ्य ४ मध्ये, जीवनाचा याकोब १ आणि प्रकटीकरण २ मध्ये, गौरवाचा १ पेत्र ५ मध्ये. हा शेवटचा तर कळप सांभाळणाऱ्या वडिलांना, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांना, उद्देशून आहे, सगळ्यांच्या डोक्यावर ठेवता येत नाही. आणि १ थेस्सल २:१९ मध्ये पौलाचा मुगूट म्हणजे थेस्सलनीकेची माणसंच. तक्ता काढून टाका असं नाही. पोरांनी वचनं शोधून तो स्वतः भरावा. सोबत प्रकटीकरण ४:१० वाचा, तिथं चोवीस वडील आपले मुगूट राजासनापुढं टाकतात.

एक गोष्ट मात्र कडकपणे पाळा. 'शंभरपट मिळेल' हे वचन दान गोळा करण्यासाठी वापरू नका. मार्क १०:३० मध्ये त्या शंभरपटीसोबत 'छळणुकीसहित' असंही आहे, आणि तो शब्द गाळूनच हा धंदा चालतो. सोसायटीचं कर्ज थकलेल्या शेतकऱ्याला हे वचन ऐकवून पैसे मागणं म्हणजे त्याला बुडवणं आहे. तसंच, कर्जापायी माणूस गेलेल्या घरी प्रतिफळाचा उतारा अजिबात नको. तिथं रोमकरांस ८ चा शेवट वाचावा आणि गप्प बसावं.

पुढं रीतसर शिकायचं असेल त्यांच्यासाठी : यवतमाळला १९५३ मध्ये सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्येच पुण्याला गेली. गावातले जुने लोक अजून 'यवतमाळचं सेमिनरी' म्हणतात, म्हणून चौकशीला तिकडं जाऊ नका. ईश्वरविज्ञानाच्या पदव्यांच्या संदर्भात ज्या सेरामपूरचं नाव ऐकाल, ते पश्चिम बंगालमध्ये हुगळीकाठी आहे, अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे. अर्ज करायच्या आधी आपल्या पाळकाकडून शिफारसपत्राचं विचारून ठेवा, आणि ती चार रकान्यांची वही सोबत न्या.