ऑक्युपेशनल थेरपीत मास्टर्स: कॉलेज निवडण्याआधी ओपीडी बघा

इंटर्नशिप संपत आली की बहुतेक जण कॉलेजच्या नावापासून यादी करायला घेतात. आमचा आग्रह आहे की ही यादी उलटी करा: आधी विषय, मग गाईड (थिसिसचे मार्गदर्शक), मग रुग्णसंख्या. नाव सर्वांत शेवटी.

विषयासाठी इंटर्नशिपच्या केस शीट्स काढून बसा. न्यूरो, बालविकास, हाताचे पुनर्वसन, मानसिक आरोग्य यांपैकी कुठल्या पोस्टिंगमधल्या नोंदी तुम्ही स्वतःहून सविस्तर लिहिल्यात? उत्तर बहुधा तिथेच सापडते. मुलांच्या थेरपी सेंटरना मागणी आहे एवढ्यावर पीडियाट्रिक्स घेऊ नका. चार वर्षांच्या मुलासोबत रोज जमिनीवर बसून काम करणे मनापासून आवडायला हवे.

गाईडबद्दल थेट विचारा: विद्यापीठाची पीजी शिक्षक म्हणून मान्यता आहे का, निवृत्तीला किती वर्षे उरली, सध्या हाताखाली किती विद्यार्थी आहेत. गाईड मध्येच बदलला तर अनेकदा थिसिसचा विषयही बदलावा लागतो.

मग परवानगी घेऊन एक सकाळ विभागात काढा. स्प्लिंट, म्हणजे हाताला आधार देणारी पट्टी, जिथे बनते त्या टेबलापाशी उभे राहा. गरम पाण्यात मऊ झालेला थर्मोप्लास्टिकचा पत्रा रुग्णाच्या मनगटावर कोण बसवतो आहे? पीजी विद्यार्थी स्वतः साचा कापून, कडा गुळगुळीत करून, दाब कुठे येतो ते तपासत असेल, तर तिथे हात तयार होतो. तो नुसता रजिस्टर भरत असेल, तर पुढची वर्षे तुम्हीही तेच कराल.

तिथेच रुग्णांचा हिशेब मांडा. थिसिससाठी ४० रुग्ण हवेत आणि त्या निदानाचे महिन्याला ४ येतात, तर १० महिने लागतील असे वाटते. पण निकषांत न बसणारे आणि उपचार अर्धवट सोडणारे मिळून निम्मे गळाले, तर तेच काम २० महिन्यांवर जाते. त्याआधी एथिक्स कमिटीच्या मंजुरीला लागणारा वेळ वेगळाच. थिसिस रखडतात ते बहुतेक इथेच.

महाराष्ट्रात प्रवेश पीजीओ-सीईटी या ऑक्युपेशनल थेरपीच्या पीजी प्रवेश परीक्षेने होतो. जागा सोडण्याचे आणि दंडाचे नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतूनच वाचा, सिनिअरच्या आठवणीवर विसंबू नका.

अमेरिकेला जायचे असेल तर नावे फसवी आहेत. 'एंट्री-लेव्हल' (व्यवसायात नव्याने येणाऱ्यांसाठी) आणि 'पोस्ट-प्रोफेशनल' (आधीच थेरपिस्ट असलेल्यांसाठी) अशा दोन्ही पदव्या मिळतात. तिथल्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या ‘एकोट’ या संस्थेची मान्यता एंट्री-लेव्हलला असते, त्यात किमान २४ आठवड्यांचे लेव्हल दोनचे फील्डवर्क (देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांसोबतचे काम) असते आणि नंतर तिथे थेरपिस्ट म्हणून काम करण्यासाठी लागणाऱ्या ‘एनबीकॉट’ परीक्षेचा रस्ता सरळ असतो. पोस्ट-प्रोफेशनल पदवी स्वस्त आणि छोटी दिसते, पण परीक्षेला बसण्याआधी आपल्या इथल्या शिक्षणाची वेगळी छाननी करून घ्यावी लागते. म्हणून फी भरण्यापूर्वी अभ्यासक्रम यांपैकी कुठला, हे विद्यापीठाकडून ईमेलवर लेखी मागवा.