उन्हाळ्यात तळ्याच्या मध्यावर मस्की: मऊ आमिष कसं चालवावं

मस्की म्हणजे गोड्या पाण्यातला मोठा शिकारी मासा. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मिल लॅक्स किंवा व्हर्मिलियनसारख्या तळ्यात नवशिका काठच्या पाणगवताशीच घुटमळतो. पण उन्हाळा चढला की बऱ्याच मोठ्या मस्की सिस्को माशांच्या थव्यांमागे मध्यावर निघून जातात. खाली ३० फूट पाणी, मासा १२-१५ फुटांवर. तिथे ‘बुलडॉग’ नावाच्या आमिषासारखं जड, मऊ प्लास्टिकचं आमिष फार कामाचं, कारण ते हव्या त्या खोलीवर नेता येतं.

१. सामान: साडेआठ ते साडेनऊ फुटी दणकट रॉड, ८० ते १०० पौंडी ब्रेडेड दोरी आणि पुढे किमान फूटभर १३० पौंडी फ्लुरोकार्बन लीडर, म्हणजे दातांनी सहज न तुटणारा जाड धागा. खोल जाळी, लांब पकड आणि गळ कापायचा कटर नावेत नसेल तर निघूच नका.

२. थवा शोधा: सोनारवर, म्हणजे पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर, सिस्कोंचा गोळा दिसला की त्याच्या आसपास मस्कीची जाड, एकटी खूण दिसते का ते पाहा. थर्मोक्लाइन, म्हणजे वरचं कोमट आणि खालचं थंड पाणी यांच्यामधला थर, फिकट पट्ट्यासारखी दिसते. भर उन्हाळ्यात तिच्याखाली बहुधा प्राणवायू कमी असतो, तिथे वेळ घालवू नये.

३. आकडे मोजा: आमिष नावेच्या कडेला सोडून किती वेगाने बुडतं ते आधी बघून घ्या. सेकंदाला फूटभर जात असेल तर दहा मोजल्यावर ते दहा फुटांवर असेल. मस्की खालून वर झेपावते, म्हणून आमिष तिच्या वरच हवं. थोडं उथळ चालेल, खोल नको.

४. ओढा, मग पडू द्या: सगळी कला इथे आहे. रॉडचं टोक पाण्याकडे ठेवून दोनेक फूट ओढा, मग टोक परत आमिषाच्या दिशेने नेत सैल दोरी रीलवर घ्या. आमिष नाक खाली करून सरकतं, शेपूट फडफडते आणि बहुतेक वेळा मस्की तेव्हाच घास घेते. दोरी ताणलेली असेल तर आमिष मोकळं पडत नाही, अगदीच सैल असेल तर चावा कळत नाही. पतंगाला देतो तेवढीच ढील द्या. झटका बसेलच असं नाही. पुष्कळदा हातातलं वजन नुसतं नाहीसं होतं, किंवा दोरी आडवी सरकते. शंका आली की लगेच दोरी ताणून घ्या आणि अंग वळवून रॉड जोरात आडवा ओढा. नुसत्या मनगटाच्या जोराने गळ त्या हाडाळ जबड्यात शिरत नाही. पुढे पाणी थंडावलं की प्रत्येक ओढीनंतर जास्त थांबा.

५. नावेपाशी: मस्की आमिषामागे थेट नावेपर्यंत येते. दर वेळी रॉडचं टोक पाण्यात बुडवून इंग्रजी आठाचा आकडा काढा. वळणं रुंद हवीत, चार फुटी मासा आखूड वळणात वळत नाही.

६. सोडताना: मिनेसोटात साधारणपणे ५४ इंचांखालची मस्की ठेवता येत नाही, आणि त्याहून मोठीही सोडावीच असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. मासा जाळीत, पाण्यातच ठेवून गळ काढा. रुतलाच असेल तर कापा. उचललात तर पोटाखाली हात देऊन आडवा उचला, जबड्याला लटकवू नका. पाण्याचं तापमान २७ अंश सेल्सिअसच्या जवळ गेलं की मस्की पकडणं थांबवा. इतक्या गरम पाण्यात दमलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो.

दातांनी फाटलेलं आमिष फेकू नका. चिरेच्या दोन्ही कडा किंचित तापवून एकमेकींना चिकटवल्या की ते पुन्हा चालतं. वेगवेगळ्या बनावटीची आमिषं मात्र एका खणात ठेवू नका, प्लास्टिक एकमेकांत वितळतं.