धुरावर शिजवलेली बोकडाची रान, पंगत बसेपर्यंत गरम आणि निर्धोक कशी ठेवावी

जळगाव-धुळ्याकडे शेतात जेवण ठेवलं आणि वेळ आठची सांगितली, की पंगत दहाला बसते. कुणी चोपड्याहून नुकतंच निघालेलं असतं, कुणी वाटेत अजून दोन माणसांना गाडीत घ्यायला थांबलेलं असतं. नुसता रस्सा असेल तर चुलीवर पुन्हा उकळी आणता येते. पण निखाऱ्यांच्या ड्रममध्ये पाच-सहा तास धुरावर ठेवलेली बोकडाची अख्खी रान, म्हणजे हाडासकट मांडी, पुन्हा पुन्हा तापवली तर तिचा चोथा होतो, आणि नुसती झाकून ठेवली तर ती कोमट होते. या दोन्हींत कोमट होणं जास्त वाईट. म्हणून मांस बरोबर जेवणाच्या वेळेलाच तयार व्हावं, या हट्टाला पेटूच नका. दोन-अडीच तास आधी तयार करा आणि तिथून पुढे ते कडक गरम राखा. राखण्याचं काम शिजवण्याइतकंच लक्ष मागतं.

६० अंश हा आकडा पाठ करा

मांस ६० अंश सेल्सिअसच्या वर असेल तर त्यात रोगजंतू वाढत नाहीत. फ्रीजमध्ये ५ अंशांच्या खाली ते फार सावकाश वाढतात. मधला सगळा पट्टा धोक्याचा. मोठ्या पंगतीत मटण खाऊन दुसऱ्या दिवशी निम्म्या गावाची पोटं बिघडतात, त्यामागे बऱ्याचदा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जिवाणू असतो. शिजवताना तो मरतो, पण त्याचे बीजाणू टिकून राहतात आणि मांस निवत आलं की जागे होतात. ४३ ते ४७ अंशांना त्याची वाढ सगळ्यात जोरात होते. दहा-एक मिनिटांत संख्या दुप्पट.

आता भुसावळचा मे महिना डोळ्यासमोर आणा. सावलीतला पारा ४३-४५ वर असतो. शेडमध्ये झाकून ठेवलेली रान निवत निवत नेमकी या जिवाणूच्या आवडीच्या तापमानाला येते आणि तिथेच तासन्‌तास राहते. ‘एवढ्या उन्हाळ्यात मटण कुठं गार होतंय’ असं म्हणून निर्धास्त होणारा माणूस पाहिला की मला खरोखर भीती वाटते. शिजवलेलं मांस एरवी बाहेर जास्तीत जास्त दोन तास, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. याहून जास्त नाही.

धुरामुळे मांस टिकतं, असंही कुणी सांगेल. टिकतं ते भरपूर मीठ लावून पूर्ण वाळवलेलं. आपली रान रसरशीत असते, तिच्यात पाणी तसंच असतं. धूर तिला वास आणि रंग देतो, राखण करत नाही.

थर्मामीटर घ्याच

सुईचा डिजिटल थर्मामीटर ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळतो. बोट लावून ६० आणि ५० अंशांतला फरक कळत नाही. रंगावरही जाऊ नका, कारण धुरातले नायट्रोजनचे वायू मांसाच्या कडेला गुलाबी करतात आणि पूर्ण शिजलेलं मांसही तिथे कच्चं दिसतं. नवीन थर्मामीटर आधी तपासून घ्या. बर्फाच्या पाण्यात ० आणि खळखळ उकळत्या पाण्यात खान्देशच्या सपाटीवर ९९ च्या आसपास दाखवला पाहिजे. मोजताना सुई सगळ्यात जाड भागात खुपसा, हाडाला टेकू देऊ नका.

कोंबडी आतून ७४ अंश झाली की खायला निर्धोक. रान हाडावरून सुटून यावी असं वाटत असेल तर ९० ते ९५ पर्यंत जाऊ द्या.

पेटीत ठेवण्याची रीत

दोन-तीन तास काढायचे असतील तर सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे थंड बाटल्यांसाठी आणतो तो जाड भिंतींचा, घट्ट झाकणाचा आइसबॉक्स. जो थंडावा राखतो तो उष्णताही राखतो. मासळीवाल्याकडची थर्माकोलची पेटी वापरू नका. ती नीट धुता येत नाही आणि उष्णतेने मऊ पडते.

रान ड्रममधून काढायच्या अर्धा तास आधी आइसबॉक्स साबणाने धुऊन त्यात कडक गरम पाणी भरा. उकळतं नको, प्लास्टिक वाकतं. झाकण लावून ठेवा. ही पायरी गाळली तर पेटीच्या थंड भिंती पहिल्या पंधरा मिनिटांतच मांसातली उष्णता ओढून घेतात.

रान काढल्यावर लगेच बंद करू नका. आतली उष्णता तिला शिजवतच राहते. स्वच्छ परातीत उघडी ठेवा आणि आतला आकडा ८० च्या खाली उतरू लागला की गुंडाळायला घ्या. कच्ची रान ज्या परातीतून नेली होती ती परात पुन्हा वापरायची नाही. घाईत हे हमखास घडतं.

गुंडाळण्यासाठी आपल्याकडे केळीचं पान आहे. रावेर-यावलकडच्या माणसाला तर ते बांधावरच मिळतं. फवारणी न झालेलं पान घ्या, धुवा, विस्तवावर फिरवून लवचिक करा आणि दोन थरांत रान बांधा. वरून ॲल्युमिनियम फॉइलचे दोन वेढे. दही-लिंबाचा, मिठाचा मसाला थेट फॉइलला लागला तर फॉइल झिजतं. मध्ये पान असलं की ते टळतं, आणि वासही सुंदर लागतो.

मग पेटीतलं पाणी ओता, तळाशी जुना स्वच्छ टॉवेल घाला, त्यावर रान ठेवा, रिकामी जागा टॉवेलांनी ठासून भरा. मोकळी हवा जितकी कमी तितकी ऊब जास्त टिकते. थर्मामीटर वायरचा असेल तर सुई मांसातच राहू द्या आणि आकडा बाहेर वाचा. झाकण लावून वरून गोधडी गुंडाळा. डिसेंबर-जानेवारीत रात्री शेतात पारा १० च्या खाली जातो, तेव्हा पेटी उघड्यावर न ठेवता खोलीत किंवा गाडीत ठेवा. दोन-अडीच किलोची रान अशी साधारण तीन तास ६० च्या वर राहते. पाहुण्यांना दाखवायला झाकण उघडू नका.

एकच लहान कोंबडी असेल तर पेटीचा भरवसा धरू नका, ती लवकर निवते. ती झाकलेल्या भांड्यात ठेवून ड्रममध्येच ९० ते १०० अंशांवर राखा, सोबत पाण्याचं पातेलं ठेवा. नवीन लाकूड घालू नका, नुसते निखारे. जास्तीच्या धुराने मांस कडू होतं. घरी ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) असेल तर १०० अंशांवर हेच जमतं. थंडी आहे, पाऊस आहे म्हणून निखाऱ्यांचा ड्रम किंवा शेगडी बंद खोलीत कधीही नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने माणसं झोपेतच दगावतात.

आकडा ६० च्या खाली गेला तर

केव्हा गेला ते माहीत असेल आणि वर सांगितलेल्या दोन तासांच्या (उन्हाळ्यात तासाभराच्या) आत असाल, तर मांस कडक आचेवर पटकन ७४ पर्यंत तापवा आणि वाढा. मंद ड्रमवर हळूहळू नको, तसं केल्याने ते धोक्याच्या पट्ट्यात आणखी रेंगाळतं. केव्हा गेला हेच कळत नसेल तर फेकून द्या. जीव तुटतो, बोकडाचा भाव मलाही ठाऊक आहे. पण स्टॅफिलोकोकससारख्या जंतूंनी सोडलेलं विष उकळूनही जात नाही.

वाढताना आणि उरल्यावर

पानं मांडून झाल्याशिवाय रान कापायची नाही. कापलेले तुकडे थंडीत पंधरा मिनिटांत निवतात. लागेल तेवढंच कापा, बाकीची पेटीत. उत्तम जोडी म्हणजे शेजारच्या चुलीवर रटरटत ठेवलेला काळ्या मसाल्याचा रस्सा. वाटीत मांसाचे तुकडे, वर उकळता रस्सा, बाजूला कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी. वरचा खरपूस थर पेटीतल्या वाफेने मऊ पडतो; तो हवा असेल तर कापण्याआधी रान उघडी करून पाच-दहा मिनिटं धगधगीत निखाऱ्यांवर धरा.

उरलेलं मांस पेटीत रात्रभर ठेवू नका. हाडावरून सोडवून स्टीलच्या ताटात पातळ पसरा आणि दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात तासाभरात, फ्रीजमध्ये घाला. शेतात फ्रीज नसेल तर ते डब्यात भरून बर्फात गाडा आणि रात्रीच घरी न्या. फ्रीजमध्ये ते तीन-चार दिवस चालतं. खाताना रस्स्यात घालून खळखळून उकळी आणा, आणि जेवढं खायचं तेवढंच बाहेर काढा.