सदाफुलीची पाने, हळदीच्या गोळ्या आणि कर्करोग: या चुका टाळा

इंदूरमधल्या मराठी घरांच्या अंगणात किंवा गच्चीवरच्या कुंडीत सदाफुली बहुधा असतेच. माळी तिला सदाबहार म्हणतो. घरात कुणाला कर्करोगाचे निदान झाले, की याच झाडाची चार पाने रोज उपाशीपोटी चावून खा, असा सल्ला कोणीतरी देतो. हा सल्ला पूर्णपणे निराधार असता, तर लोकांनी तो सहज झटकून टाकला असता. सदाफुलीपासून खरोखरच कर्करोगाची औषधे तयार होतात, म्हणून तो मनात घर करून बसतो.

मूळच्या मादागास्करच्या या झाडाचा लोकवैद्यकात मधुमेहावर वापर होत असे. कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर हे १९५०च्या दशकात तोच गुण तपासत होते. रक्तातील साखरेवर अपेक्षित परिणाम दिसला नाही, पण अर्क दिलेल्या प्राण्यांच्या पांढऱ्या रक्तपेशी घटल्याचे त्यांच्या लक्षात आले. या वाटेने व्हिन्ब्लास्टीन आणि पुढे व्हिन्क्रिस्टीन ही औषधे आली, आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांत व्हिन्क्रिस्टीन आजही दिले जाते.

पहिली आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे झाड आणि औषध एकच मानणे. सदाफुलीत सत्तरांहून अधिक अल्कलॉइड (शरीरावर तीव्र परिणाम करणारी वनस्पतिजन्य रसायने) असतात आणि त्यांत व्हिन्क्रिस्टीनचे प्रमाण इतके नगण्य असते, की एक ग्रॅम औषधासाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. हे औषध फक्त शिरेतून देतात. ते शिरेबाहेर झिरपले तर आजूबाजूच्या ऊती जळतात, चुकून मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात गेले तर प्राणघातक ठरते, आणि प्रौढ रुग्णालाही एका वेळी साधारणपणे दोन मिलिग्रॅमपेक्षा जास्त देत नाहीत. चार पाने चावणाऱ्या रुग्णाला कर्करोगाच्या गाठीवर परिणाम करण्याइतके औषध मिळत नाही, उरलेली अल्कलॉइड मात्र पोटात जातात, आणि त्यांचे प्रमाण प्रत्येक झाडात वेगळे असते. हिमालयातील वनककडीबाबतही हेच खरे आहे. तिच्या मुळांतील पोडोफायलोटॉक्सिन या रसायनावर प्रक्रिया करून इटोपोसाइड हे कर्करोगावरील औषध बनवतात, पण कच्चे मूळ विषारीच असते.

दुसरी चूक प्रयोगशाळेच्या बातम्या वाचताना होते. काचेच्या बशीतील कर्करोगाच्या पेशींवर हळदीतील कर्क्युमिन हा घटक ओतला असता त्या मरतात, हे खरे आहे. परंतु तिथली तीव्रता रक्तात गाठता आली पाहिजे, आणि दिवसाला काही ग्रॅम कर्क्युमिन तोंडाने दिले तरी ते रक्तात फारच थोडे पोहोचते. हळदीत ते मुळात तीन टक्क्यांच्या आसपास असते. वरण-भाजीतल्या हळदीला माझा अजिबात आक्षेप नाही. आक्षेप आहे तो औषध समजून घेतलेल्या गोळ्यांना, विशेषतः शोषण वाढावे म्हणून मिरीचे पायपेरीन घातलेल्या गोळ्यांना. पायपेरीन यकृतातील औषधे मोडणाऱ्या विकरांचे (एन्झाइमांचे) काम मंदावते, आणि त्यामुळे सोबत चालू असलेल्या इतर काही औषधांचे रक्तातील प्रमाण वाढू शकते.

याच्या उलटही घडते. इरिनोटेकान हे आतड्याच्या कर्करोगावरील औषध ज्या कॅम्प्टोथेसिन या वनस्पतिजन्य रसायनावरून घडवले गेले, ते आपल्या सह्याद्रीतील नरक्याच्या झाडातही सापडते. या औषधासोबत सेंट जॉन्स वर्ट ही युरोपीय वनस्पती घेणाऱ्या रुग्णांत त्याच्या सक्रिय घटकाचे रक्तातील प्रमाण ४२ टक्क्यांनी घटल्याचे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. येथे एका वनस्पतीने दुसऱ्या वनस्पतीच्या औषधाचा प्रभाव कमी केला. ‘नैसर्गिक आहे, म्हणजे अपाय होणार नाही’ हे गृहीतक इथेच कोसळते.

कर्करोगावर उपाय म्हणून सुचवल्या जाणाऱ्या जर्दाळूच्या कडू बियांतून शरीरात सायनाइड हे विष तयार होते. त्या कोणत्याही कारणाने देऊ नका. केमोथेरपीमुळे पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना गव्हांकुरांचा कच्चा रस संसर्गाला आमंत्रण देतो. इंदूरच्या सियागंज बाजारातून सुटे आणलेले, नावाचे लेबल नसलेले चूर्ण नेमके कशाचे आहे, हे घरी ओळखण्याचा मार्ग नाही. कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात तर १९५४च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने निषिद्धच आहे, तेव्हा असा दावा छापलेले पाकीट तेवढ्याच कारणावरून नाकारावे.

हे सगळे आधीच सुरू झाले असेल, तर लपवू नका. आमच्या ओळखीतील एका काकूंनी गुळवेलीचा काढा सुरू असल्याचे केवळ डॉक्टर रागावतील या भीतीने सांगितले नव्हते. यकृताच्या तपासण्या बिघडल्या, केमोथेरपीची पुढची फेरी लांबली आणि कारण शोधण्यात बरेच दिवस गेले. गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याचे रुग्ण भारतात नोंदले गेले आहेत, त्यामुळे काढ्याची माहिती पहिल्याच दिवशी मिळाली असती, तर तपासाला दिशा मिळाली असती. डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद होणे, हिरड्यांतून रक्त येणे किंवा केमोथेरपी चालू असताना १००.४ अंश फॅरनहाइट वा त्याहून अधिक ताप येणे, यांपैकी काहीही दिसले तर काढा-चूर्ण थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर वनौषधी किती दिवस आधी बंद करायची हे भूलतज्ज्ञांना विचारावे, कारण काहींमुळे रक्त गोठण्यास वेळ लागतो. तपासणीला जाताना पाकीट किंवा बाटली सोबत न्यावी आणि एका कागदावर वनस्पतीचे नाव, ती कोणाकडून आणली, रोज किती घेतली, केव्हापासून घेतली आणि शेवटची मात्रा कधी घेतली, एवढे लिहून तो फाइलमध्ये सर्वांत वर लावावा.