नदीकाठी तंबू ठोकताय? या चुका टाळा

२६ जानेवारीला जोडून शनिवार-रविवार आला की जळगाव-धुळ्याची पोरं गाडीत तंबू टाकतात आणि गिरणा नाहीतर तापीचा काठ गाठतात. जावंच. खान्देशात उघड्यावर झोपायचे हेच तर दोन-तीन महिने. मार्चनंतर ऊन उभं राहू देत नाही. पण दर हिवाळ्यात त्याच त्या चुका बघून आता जीव कावतो, कारण त्यातल्या दोन थेट जिवावर बेतणाऱ्या आहेत.

पहिली म्हणजे कोरड्या पात्रात तंबू ठोकणं. वाळू मऊ, सपाट, काटा नाही, गाडी जवळ लावता येते, म्हणून सगळ्यांना तीच जागा आवडते. पाऊस संपला म्हणजे पाणी येणार नाही, असा हिशोब असतो. गिरणेवर हा हिशोब चालत नाही. गिरणा धरण वर नांदगाव तालुक्यात. खालच्या गावांच्या पिण्यासाठी तिथून हिवाळ्या-उन्हाळ्यात आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटतं आणि ते नदीच्या पात्रातूनच येतं. तहानलेल्या वाळूतून पाणी सावकाश सरकतं, त्यामुळे परवा सोडलेलं पाणी तुमच्यापाशी आज मध्यरात्री पोचू शकतं.

भडगावच्या खालच्या अंगाला एकदा हे डोळ्यांनी पाहिलं. आमचे तंबू वर, बांधाच्या कडेला. कॉलेजची चार-पाच पोरं मात्र खाली, पात्राच्या मधोमध. संध्याकाळी जाऊन सांगितलं, तर म्हणाली, "काका, इथे गादीसुद्धा लागत नाही." रात्री उशिरा रब्बीला पाणी द्यायला आलेला एक शेतकरी काठावरून ओरडत आला, "भाऊ, पानी सोडेल शे, वर या!" बॅटरी मारली तर पाण्याची लाट वगैरे काही नव्हती. पाचोळा, फेस आणि काड्या पुढे ढकलत एक पातळ जीभ वाळूवरून सरकत होती. पोरांना वाटलं, भरपूर वेळ आहे. ती भांडी आवरत बसली. पण पाणी आधी सखल जागा धरतं, आणि सखल चर होता त्यांच्या पाठीमागे, काठाला लागून. ती उभी होती तिथे अजून कोरडं आणि परतीच्या वाटेवर गुडघ्याच्या वर पाणी. दोर टाकून एकेकाला बाहेर घेतलं. शेगडी, बूट, एक तंबू तिथेच राहिला. सकाळी त्या जागी कमरेएवढं पाणी होतं.

तापीचं पावसाळ्यातलं गणित याहून फसवं. भुसावळला लख्ख ऊन असतं, पण बऱ्हाणपूरकडे किंवा पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-बुलढाण्याकडे, पाऊस झाला की चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमातून ते सगळं हतनूर धरणात येतं. धरणाला ४१ दरवाजे आहेत. ते उघडले की खालचा काठ बघता बघता पाण्याखाली जातो. म्हणून १५ ऑगस्टच्या सुट्टीत मी नदीकाठी मुक्काम करतच नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

बाकी दिवसांत माझी सवय एकच. काठावरच्या बाभळींकडे बघायचं. फांद्यांना पुराचा काडीकचरा, चिंध्या, प्लास्टिक अडकलेलं दिसतं, त्याच्याही वर तंबू. मग गावात जाऊन पोलीस पाटलांना विचारायचं, पाणी सुटलंय का, सुटणार आहे का. चहा होईपर्यंत सगळी माहिती मिळते, आणि आपण कुठे उतरलोय हेही गावाला कळतं. शेत कुणाचं असेल तर मालकाला विचारणं आलंच. यावल किंवा अनेर अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करू नका.

दुसरी जीवघेणी चूक पोहण्याची. लहानपणी ज्या डोहात पोहलो, तो डोह आता तसा राहिलेला नाही. वाळूच्या उपशाने गिरणा आणि तापीचं तळ जागोजागी खरवडलं गेलंय. पाणी घोट्याएवढं दिसतं आणि पुढच्या पावलाला पुरुषभर खड्डा, कडा ठिसूळ, धरायला गेलं की वाळू हातात येते. पट्टीचा पोहणाराही त्यात घाबरतो. पाण्यात उतरायचंच असेल तर गावची माणसं जिथे धुणं धुतात, गुरं पाजतात तिथेच, तेही कमरेच्या आत. दारू पिऊन तर अजिबात नाही.

वाळूमिश्रित जमिनीत तंबूच्या खुंट्या धरत नाहीत. पिशवीत वाळू भरून दोरी बांधा आणि ती पिशवी पुरा. बाभळीखाली गादी अंथरण्याआधी जमीन हाताने चाचपा. जुन्या पुलाखाली किंवा मोठ्या झाडाखाली चूल पेटवण्याआधी वर मान करून आग्या मोहोळ आहे का ते बघा. धुराने माश्या उठल्या की पळायला जागा नसते. जानेवारीत पहाटे गारठ्याने श्वासाची वाफ तंबूच्या कापडावर जमते, म्हणून तंबूची खिडकी थोडी उघडी ठेवायची, नाहीतर आतूनच पांघरूण ओलं होतं. केळी-उसाला लागून मुक्काम नको, त्या पट्ट्यात बिबट्याचा वावर असतो. खरकटंही रात्री बाहेर ठेवू नका.

चुलीबद्दल मात्र बोलणार. भूक लागली म्हणून ओल्या लाकडावर पेट्रोल ओतणारे मी बघितलेत, आणि भडक्याने भुवया गेलेलेही. भरिताची वांगी पऱ्हाट्यांवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांवर, भाजायची, झटपट जाळ लागतो आणि साल सुटते. पऱ्हाट्या बांधावर रचलेल्या असतात, पण त्या कुणाच्या तरी घरचं वर्षाचं जळण आहे. विचारून, पैसे देऊन घ्या. वांगं आतपर्यंत शिजायला वेळ लागतो, तो द्या. तेवढा धीर नसेल तर घरून कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि ठेचा बांधून न्या, उत्तम जेवण होतं.

सकाळी बूट झटकूनच पाय घाला, विंचू उबेला शिरतो. साप चावला तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काहीही करायचं नाही. माणसाला हलू द्यायचं नाही आणि १०८ ला फोन लावायचा. जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे हे निघण्याआधीच विचारून ठेवा, कारण काठावर बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते आणि फोनसाठी आधी बांधावर चढून यावं लागतं.